न्यादिएतची आई

"दिसते कशी?" फाटकावरच्या निळ्या टोपीतल्या शिपायानं विचारलं, आणि बिएलला उत्तर येईना.

प्रश्न साधा होता. छावणीतलं माणूस बाहेर गेलं आणि परत आलं नाही, की हे लोक आधी हेच विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. उंच की ठेंगणी, जाड की बारीक, रंग कसा, दात कसे. जुबा शहरातल्या नाईलकाठच्या हॉटेलात तो पुढच्या टेबलामागं बसायचा, आणि चेहरा विसरणं हे त्या नोकरीत पाप होतं. एकदा येऊन गेलेला पाहुणा वर्षा-दोन वर्षांनी दारात दिसला तरी बिएल त्याला नावानं हाक मारायचा, "झाडाकडची खोली देऊ ना?" म्हणायचा, आणि पाहुणा तिथंच खूश. मालक लोकांना कौतुकानं सांगायचा, हे पोरगं नाही, कॅमेरा आहे. आणि आता त्याच कॅमेऱ्याला, जिच्याबरोबर दोन पावसाळे एका ताडपत्रीखाली काढले, जिच्या हातचं रोज खाल्लं, त्या सासूचा चेहरा सांगता येत नव्हता. विसरला असता तर आठवला तरी असता. त्यानं तो कधी बघितलाच नव्हता.

"अरे, तुझी सासू ना?" शिपाई म्हणाला. "काही तरी सांगशील की नाही?"

"पाय सांगतो," बिएल म्हणाला.

"काय?"

"पाय. डाव्या अंगठ्याला नख नाही. टाचा फुटलेल्या. घोट्यावर भाजल्याचा डाग आहे."

शिपायानं शेजारच्या शिपायाकडं बघितलं. "आणि पायांच्या वर?"

"वर बघायचं नसतं. आमच्या नुएर लोकांत जावई सासूचं तोंड बघत नाही. पहिलं मूल होईपर्यंत."

"वा रे वा!" शिपाई हसला. "माझी सासू रोज फोन करून तोंड दाखवते. तुमचं बरं आहे, बाबा." मग आपण कुठल्या वेळी हसलो हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं टोपी उगाचच सारखी केली आणि साहेबांना बोलावतो म्हणून आत गेला. तसा तो वाईट नव्हता. फाटकावरचे सगळे तसे चांगलेच होते. पोरांना बिस्किटं द्यायचे, बायकांना वाट करून द्यायचे, शांतिसेनेतून, कुठल्या तरी लांबच्या देशातून आलेले, घराच्या आठवणीनं झुरणारे. त्यांच्या चांगुलपणाचं काय करायचं हेच छावणीत कुणाला समजत नव्हतं.

न्यादिएत बिएलची बायको. तिची आई सकाळी सरपणाला गेली होती. छावणीत ज्वारी मिळते, तेल मिळतं, डाळही मिळते, पण ती शिजवायला लाकूड कुणी देत नाही. ते जेबेलच्या डोंगरापलीकडच्या रानातून आणायचं, आणि आणायचं ते बायकांनी. पुरुष गेला तर मारतात, बाई गेली तर परत येते, असं छावणीत म्हणायचे, आणि ती कशी परत येते ते कुणी म्हणायचं नाही. बिएलच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा रेघा होत्या. मिसरूड फुटायच्या वयात गावाबाहेर उताणं झोपवून, हाडापर्यंत पातं ओढून काढलेल्या. त्या वेळी त्यानं पापणीसुद्धा हलवली नव्हती, आणि आई दारात नाचली होती: माझा पोरगा पुरुष झाला! झाला खरा. हॉटेलात या रेघांवर तो टोपी घालायचा, परदेशी पाहुणे टक लावून बघतात म्हणून. आणि युद्ध पेटलं त्या डिसेंबरात गल्लीबोळांत सरकारी शिपायांनी लोकांच्या टोप्या उडवून हीच कपाळं पुस्तकासारखी वाचली, आणि नुएर दिसला की गोळी घातली. तेव्हापासून बिएल छावणीच्या तारेबाहेर पडला नव्हता. पुरुष झालेला माणूस आत बसून राहायचा आणि त्याची सासू डोक्यावर भारा घेऊन यायची. याची लाज वाटायची का? वाटायची. रोज वाटायची, आणि रोज तो जेवायचा.

दुपार कलल्यावर बायका परतल्या, पण गेल्या होत्या तितक्या नाही. शेजारची न्याकिर पायाला गोळी चाटून गेलेली, रक्तानं माखलेली आली आणि तिला उचलून दवाखान्याच्या तंबूकडं नेता नेता ती बिएलला एवढंच म्हणाली, "नाक्यावर अडवलंय. लिंबाखाली बसवलंय चौघींना. न्यादिएतची आई त्यातच आहे." त्याच तंबूत न्यादिएत पहाटेपासून कळा देत होती. सुईण म्हणाली होती, पहिलटकरीण आहे, संध्याकाळ होईल. न्यादिएतला काही सांगू नका, एवढं बिएलनं न्याकिरला विनवलं आणि तो फाटकाकडं पळाला.

पहाटे सरपणाला जाताना सासू जे बोलली ते त्याच्या डोक्यात घोळत होतं. त्याच्याशी नाहीच बोलली ती. कधीच बोलायची नाही. ती चुलीशी बोलायची. खोपटाच्या मधोमध मदतवाल्यांची ताडपत्री टांगलेली. अलीकडं बिएल, पलीकडं ती, आणि न्यादिएत इकडून तिकडं. आणि पलीकडून चुलीला उद्देशून सारखी बडबड. "काय गं चुली, काही लोक बूट काढून झोपतात की पाय काढून? इतका वास?" "चुली, ऐकलंस का, आज रेशनाच्या रांगेत काही लोक इतके सभ्य उभे राहिले की तेल संपेपर्यंत पुढंच सरकले नाहीत." न्यादिएत तोंडावर हात धरून हसायची. बिएलही हसायचा, पण आवाज न करता, कारण सासूच्या कानावर जावयाचं हसणं जाणंही बरं दिसत नाही. आणि आज पहाटे न्यादिएतला तंबूत पोचवून ती दोर घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "चुली, घरात बाळंतीण येणार आणि काडी नाही लाकडाची. काही लोकांना वाटतं पाणी आपोआप तापतं." यात टोमणा नव्हता. रोजचंच बोलणं होतं. तरी बिएलला ते लागलं होतं, आणि तो अलीकडं गोधडीवर पडून राहिला होता. म्हणता आलं असतं की आज नको जाऊ देऊ तिला, शेजारून उसनं आणू. पण म्हणणार कुणाला? मध्ये निरोप नेणारी न्यादिएत नव्हती, आणि चुलीशी बोलायची त्याची छाती झाली नाही. ती खोकली, म्हणजे मी आता बाहेर पडते, तोंड वळव. त्यानं तोंड वळवलं.

तिचा खोकला त्यानं हजारांत ओळखला असता. त्या डिसेंबरच्या रात्री तोच तर आधार होता. लग्न ठरून देजाच्या गाई न्यादिएतच्या घरी पोचल्या होत्या, पण मूल झाल्याशिवाय बायको नवऱ्याच्या घरी येत नाही. तोवर जावयानं अंधार पडल्यावर सासरी जायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. तसाच तो गेलेला असताना गोळ्यांचा आवाज सुरू झाला. आधी वाटलं लग्नाचे फटाके. मग समोरच्या घरातून ओरडणं आलं. तिघं मागच्या कुंपणातून निघाली, नाल्यानं, लोकांच्या परसांतून, निळ्या टोप्यांच्या तळाकडं. सगळं जुबा तिकडंच धावत होतं. आणि त्या धावपळीतसुद्धा ती बाई मागं राहून चालत होती, जावयाला आपलं तोंड दिसू नये म्हणून! बिएलला मागं बघायची सोय नाही. गोळी सुटली की तो थबकायचा, आणि मागून एक बारीक खोकला यायचा: आहे मी, चला. पुन्हा गोळी, पुन्हा खोकला. तळाच्या फाटकाशी माणसांचा लोंढा आत घुसत होता, निळ्या टोप्यांनी फाटक सताड उघडलं होतं, आणि तेव्हा बिएलला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आत आल्यावर न्यादिएत आईच्या गळ्यात पडून रडली. बिएल पाठ करून उभा राहिला.

छावणीत बहुतेकांनी हे सगळं गुंडाळून ठेवलं होतं. एका तंबूत तीन-तीन कुटुंबं. कोण कुणाला तोंड लपवणार? शेजारचा म्हातारा तर म्हणायचा, युद्ध संपलं की पुन्हा लाजू, आता जागा नाही. पण न्यादिएतची आई ऐकेना. छावणीच्या पहिल्या पावसाळ्यात न्यादिएतचं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, आणि त्या दिवसापासून ती जास्तच कडक झाली. कुणी म्हणालं नव्हतं, पण तिच्या मनानं घेतलं की इथल्या गर्दीत कधी तरी नजर पडली असणार, त्याचं हे फळ. तेव्हापासून ताडपत्री खाली दगड लावून पक्की केली. बिएलला ती दिसायची ती फक्त दिवा लागल्यावर, ताडपत्रीवरच्या सावलीत: रुंद खांदे, मोठं डोकं, बोलताना सगळ्या खोपटभर फिरणारे हात. त्या सावलीला त्यानं हळूहळू नाक-डोळे दिले होते. भरदार गाल, मोठं कपाळ, खाली ओघळलेले कान. हसली की गाल वर जात असतील. मूल झालं की ती स्वतः समोर येईल, त्याला बाळाचा बाप म्हणून हाक मारील, आणि मग आपण सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, की तुम्ही अगदी मनात होतात तशाच आहात.

साहेब आला. तरुण होता, दाढी घोटून केलेली, बोलणं हळू आणि आदबीचं. त्यानं बिएलला बसायला खुर्ची दिली. "त्या बायका आम्हाला बुरुजावरून दिसतायत," तो म्हणाला.

"दिसतायत?" बिएल उठलाच. "कधीपासून?"

"दुपारपासून."

"मग आणलं का नाही?"

साहेबानं उत्तर दिलं, आणि ते उत्तर असं होतं की त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आपली हद्द फाटकापर्यंत. नाका सरकारचा, आणि सरकारच्या परवानगीनंच आपण या देशात आहोत. वरून हुकूम मागितला आहे. मागच्या महिन्यात हुकमाशिवाय एक गाडी गेली तर तिच्यावर गोळी झाडली. बिएल त्याच्या ओठांकडं बघत राहिला. हॉटेलात तोही असंच बोलायचा: खोली शिल्लक नाही सर, माझ्या हातात असतं तर नक्की दिली असती. आदबीनं नाही म्हणण्यात तो वस्ताद होता, आणि ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे त्याला आज समजत होतं. बाहेर पांढरी चिलखती गाडी उभी होती. तिच्या सावलीत दोन शिपाई चहा पीत होते. नाका तिथून इतका जवळ होता की वारा फिरला तर तिकडचा रेडिओ ऐकू यायचा.

मग आतल्या बिनतारी यंत्रावर खरखर झाली. साहेब गेला, खूप वेळानं परतला, आणि या वेळी त्याचा चेहरा जरा उजळला होता. "एक खेप करायला परवानगी आहे. एक गाडी. पण नाक्यावरचा अधिकारी म्हणतो, या बंडखोरांच्या बायका आहेत. छावणीतली कुणी असेल तर नातेवाइकानं ओळखावी, तेवढी देतो. रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक. शेजारी चालणार नाही."

"चौघीही छावणीतल्याच आहेत, साहेब. चौघींना आणा."

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे तसं म्हणतात, कारण ते तसंच असतं!" आपण ओरडलो हे बिएलला कानांनी ऐकू आलं. साहेबानं ते सोसलं. ओरडून घेणं हाही त्याच्या कामाचाच भाग असावा.

"बाकीच्यांचे नातेवाईक येतील तेव्हा बघू," तो म्हणाला. "दिवस मावळला की गाडी सुटणार नाही. मुलगी येऊ शकत नाही का ओळखायला?"

"ती बाळंत होतेय."

"मग तुम्हीच चला. वरून दुर्बिणीतून दाखवा कुठली ती."

शिडी लोखंडी होती आणि उन्हानं तापली होती. बिएल एकेक पायरी भीत भीत चढत होता. भीती नाक्याची नव्हती. वर गोणपाटात वाळू भरून केलेला आडोसा होता, पण बिएलसारख्या उंच माणसाच्या तो कमरेपर्यंतच आला. तो उभा राहिला तेव्हा चहूकडून उघडा पडला. मघाचा शिपाईच वर होता. त्यानं दुर्बीण हातात दिली आणि चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. बिएलनं ती डोळ्यांना लावली आणि नाका एकदम अंगावर आला. लिंबाच्या बुंध्याला टेकलेल्या बंदुका. एक सरकारी शिपाई दातांनी ऊस सोलत होता. त्याच्या हनुवटीवरून गळणारा रस दिसला. अंगावरचा शर्ट निघालेला दुसरा. सरपणाचे भारे एकावर एक टाकलेले, आणि त्यांच्यापाशी गवतात बायका.

चौघींच्याही अंगावर तेच निळं फुलांचं कापड. मागच्याच आठवड्यात मदतवाल्यांनी एका ताग्यातून फाडून साऱ्या छावणीला वाटलं होतं, आणि बायकांनी ते खांद्यावर गाठ मारून नेसलं होतं. ठीक आहे, पाय बघू. पण गवत पोटरीपर्यंत वाढलेलं. पाय कुणाचेच दिसेनात. म्हणजे आता चेहराच बघायला हवा. काय करत होता तो? ज्या चेहऱ्यापासून दोन वर्षं नजर चुकवली, तो शोधायला निघाला होता, आणि शोधता शोधता मनात एकच धावा चालू होता की तो दिसू नये. आज, नेमकं आज, न्यादिएत तिकडं कळा देत असताना. आणि समजा दिसला, आणि अंगावर कपडा नसला तर? जावयानं सासूला तसं बघणं म्हणजे... पुढं विचार जाईना. त्यानं डोळे मिटले. दुर्बीण तशीच डोळ्यांना लावून, मिटल्या डोळ्यांनी तो थोडा वेळ नाक्याकडं बघत राहिला.

"लवकर, भाऊ," शिपाई म्हणाला. "ऊन चाललं."

पहिली मुलगीच होती. गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. ती नाही. दुसरी एका अंगावर पडली होती, आणि तिचं कापड जिथं असायला हवं तिथं नव्हतं. बिएलनं झटका बसल्यासारखी दुर्बीण वळवली. तिचे केस पांढरे नव्हते, एवढं दिसलं. नाही, ती नाही, असं तो स्वतःलाच म्हणाला. तिसरी झाडाच्या पलीकडच्या अंगाला, त्याच्याकडं पाठ करून बसलेली, कापड डोक्यावरून पुढं ओढलेलं. लहानखुरी होती. खांदे एवढेसे. कुणा तरी बिचारीनं शरमेनं तोंड झाकून घेतलंय, तिच्याकडं कशाला बघायचं, म्हणून त्यानं काच पुढं नेली. आणि चौथी! रुंद खांद्यांची, भरदार, मोठ्या कपाळाची बाई, ऊसवाल्या शिपायाकडं तोंड करून, दोन्ही हात उडवून उडवून काही तरी बोलत होती. ऐकू येत नव्हतं, पण बिएलला ते ऐकूच आलं. बंदूकवाल्याला टोमणे मारणारी दुसरी कोण असणार? हात अगदी तसेच, अख्खा लिंब व्यापणारे. गाल तसेच. डोळ्यांत पाणी येऊन काच धूसर झाली. बघितलं मी तिला, बघितलं, आता जे व्हायचं ते होवो, पण मिळाली.

"ही," तो म्हणाला. "हात हलवतेय ती."

"नक्की?"

"नक्की."

गाडी सुटली. बिएल खाली येऊन फाटकाच्या जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. एवढासा रस्ता, पण ती गाडी तो अशी चालली होती जशी वरात निघाली आहे. लिंबाखाली थांबली. कुणी उतरलं, कुणी हात मिळवले, कुणी सिगारेट दिली. बिएल मनात बोलत होता. चूल पेटवू, लाकूड उसनं आणू, सगळी छावणी फिरेन लाकडासाठी, भीक मागेन. तोंड बघितल्याची माफी मागायची असेल तर नंतर बकरं देऊ, गाय देऊ, कुठून देऊ ते बघू. न्यादिएतला सांगू, आई बाहेरच बसली आहे, तू जोर कर. गाडी वळली. बिएलनं शेजारी उभ्या शिपायाचा दंड धरला, आणि शिपायानंही त्याच्या पाठीवर थाप मारली.

मागचं दार उघडलं आणि ती बाई उतरली. भरदार होती, मोठ्या कपाळाची. उतरताच ती जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि तो आवाज बिएलच्या ओळखीचा नव्हता. त्यानं पायांकडं बघितलं. दोन्ही अंगठ्यांना नखं होती.

"कुणी ओळखलं मला?" ती विचारत होती. "माझा हरवलेला भाऊ आला का? ओळखायला येईल असं मोठं माणूस माझं इथं कुणीच नाही, मला कुणी ओळखलं?" कुणी तरी बिएलकडं बोट केलं. तिनं त्याचे गुडघे धरले. "बाळा, कोण रे तू? कुणाचा? देव तुझं भलं करो. तीन लेकरं आहेत मला छावणीच्या पलीकडच्या भागात, तीन लेकरं." तिचं नाव न्यारुआच होतं. बिएलनं तिला उठवलं. काय म्हणणार तिला? तुम्ही का आलात, असं म्हणणार?

"झालं ना?" साहेब हसत पुढं आला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या हातून काही तरी घडलं होतं. "मिळाली ना तुमची सासू?"

"ही नाही," बिएल म्हणाला.

साहेबाचं हसू जागच्या जागी राहिलं. "पण तुम्हीच दाखवलीत."

"चुकलं. गाडी फिरवा, साहेब. पाया पडतो. ती अजून तिथंच आहे."

"एकच खेप होती," साहेब म्हणाला. तो खरोखरच कासावीस झाला होता. बिएलला भलत्या वेळी त्याची कीव आली. "उद्या सकाळी पुन्हा विचारतो. पहिलं काम तेच. उद्या नक्की." आणि तो आत गेला, यंत्राकडं, आणि खरखर सुरू झाली, आणि मग बंद झाली.

न्यारुआचला पाणी दिलं होतं. ती घोटाघोटानं पीत होती. बिएल तिच्यासमोर उकिडवा बसला. "मावशी," त्यानं विचारलं, "तिथं न्यादिएतची आई होती का? जेबेलच्या बाजूला राहणारी, बोलकी?"

"होती की!" न्यारुआच म्हणाली. "माझ्या शेजारीच. म्हातारी, एवढीशी. बोलकी म्हणजे काय, त्या मेल्यांना हसवत होती, आम्हा उरलेल्यांना हात लावू देत नव्हती. म्हणूनच तर आम्ही..." मग ती थांबली. तिनं बिएलकडं नीट बघितलं, त्याच्या उंचीकडं, कपाळाकडं. "अगं बाई. तो तू? वर चढलेला तो लांबडा?"

"मीच."

"तिनंच दाखवलास आम्हाला. म्हणाली, तो बघा, बगळ्यासारखा उभा आहे तो, माझा जावई. मला न्यायला आलाय. आम्ही म्हटलं, अगं मग हात कर, हाक मार, ऊठ उभी राहा! तर लगेच झाडाआड सरकली, उलटी फिरली, कापड ओढून घेतलं डोक्यावरून. आम्ही किती सांगितलं. ते मेले हसायला लागले, तरी वळली नाही. म्हणाली, लेक आडवी पडली आहे माझी, आज त्याची नजर माझ्यावर पडली आणि तिचं काही कमीजास्त झालं तर? एकदा झालंय. उद्या नातवंड होऊ दे, मग काय बघायचं ते बघू दे पोटभर." न्यारुआचनं डोळे पुसले. "तिच्या बदली हात करून करून मीच तुला दाखवत होते रे, की ही बघ, ही इकडं बसली आहे."

बिएल उठला. फाटकापाशी गेला. "पाठ करून बसली आहे ती," तो शिपायाला म्हणाला. "डोक्यावर कापड. लहानखुरी. तीच ती. मला आता सांगता येतं." शिपायानं मान हलवली. सगळं समजल्यासारखी, पुन्हा पुन्हा. बिएलनं तेच परत सांगितलं, लहानखुरी, एवढेसे खांदे, पाठ करून, आणि शिपाई प्रत्येक वेळी मान हलवत राहिला. तिकडं लिंबाखाली कुणी तरी जाळ केला होता. आपल्याच सरपणाचा असणार. जाळाभोवती माणसं हिंडताना दिसत होती, पण कोण बसलंय आणि कुठं तोंड करून, ते आता काही दिसत नव्हतं. दवाखान्याच्या तंबूकडून न्यादिएतचं ओरडणं आलं, थांबलं, पुन्हा आलं. तिकडं जायला हवं होतं. गेलो तर न्यादिएत आईबद्दल विचारील, आणि इथून हललो तर लिंबाखालची ही एकटी राहील. रस्त्याकडं बघत उभं राहायचं, तर तिकडं ती अजून मान वळवत नसेल, इतका वेळ, त्या माणसांत, कुणाच्या हातात काय आहे हेही तिला दिसत नसेल.

तो खाली बसला. फाटकाकडं, रस्त्याकडं, लिंबाकडं पाठ करून.

"ए भाऊ," शिपाई कुलूप लावता लावता म्हणाला, "असा काय उलटा बसलास?"

"मी तिकडं बघत नाही म्हटल्यावर तिला वळता येईल."

शिपायानं जाळाकडं बघितलं, मग बिएलकडं. "या अंधारात तिला कसं दिसणार, तू कुठं बघतोस ते?" तो हळूच म्हणाला.

ते खरंच होतं. तरी बिएल वळला नाही.